विद्यार्थी आणि भाकरीचा प्रश्न



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. त्यांतल्या पुष्कळांची व्याख्याने मी ऐकली आहेत. परंतु ती पुढच्या खुर्चीत बसून नव्हे, तर मंडपाच्या मागच्या कनातीला टेकून. बाजाराच्या आवारात दिवसभर मिरचीची पोती वाहिली, की अंगाला खकाणा चिकटलेला असे. त्या अवस्थेत पांढऱ्या कपड्यांतल्या मंडळींशेजारी बसायला मन धजत नसे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वखारीत, संपात आणि या गावच्या वाचनालयात. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची मांडणी आपल्याला सापडायची नाही. हमालाचा हिशेब मात्र सापडेल, आणि तो मी चोख देण्याचा प्रयत्न करीन.

आजचा विषय आहे विद्यार्थी आणि भाकरीचा प्रश्न. भाकरीला जोडून छप्पराचाही प्रश्न येतो. कारण ज्याला चूल मांडायला जागा नाही, त्याला पीठ देऊनही तो उपाशीच राहतो. या प्रश्नांत विद्यार्थ्यांनी काय करावे, काय केले आहे, आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना कोणती साथ द्यावी, एवढेच मला सांगायचे आहे. आरंभ माझ्या एका चुकीपासून करतो.

२०१३ सालचा उन्हाळा आपल्याला आठवत असेल. मराठवाड्यात दुष्काळ पडला होता. तिकडची कुटुंबेच्या कुटुंबे आपल्या गावात कामाला आली आणि नदीकाठच्या मोकळ्या रानात पाले ठोकून राहिली. पुरुष आणि बायका सकाळी नाक्यावर उभ्या राहत. काम मिळाले तर मिळाले. आमच्या गावातली काही कॉलेजची मुले-मुली दर रविवारी तिथे खिचडीचे पातेले घेऊन येऊ लागली. मी युनियनचा माणूस. ते दृश्य पाहून माझे डोके तापले. मी त्या पोरांना म्हणालो, "कष्टकऱ्याला भीक नको, काम हवे. उचला तुमचे पातेले." पोरे बिचारी ओशाळली आणि पातेले उचलायला लागली. तेवढ्यात पालातून एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "दादा, तुझी संघटना उद्या येईल, चांगलं आहे. पण माझा नातू आजच्याला उपाशी आहे. ते पातेलं राहू दे."

सभागृहात मी अनेकांना निरुत्तर केले आहे. त्या म्हातारीपुढे मला उत्तर सुचले नाही. पातेले राहिले. परंतु त्याहून मोठी गोष्ट पुढेच घडली. खिचडी वाढता वाढता एका मुलीने मला विचारले, "काका, ह्यांना रेशन का मिळत नाही?" इतकी वर्षे चळवळीत काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडला नव्हता! का पडला नव्हता? कारण माझ्या संघटनेच्या वहीत फक्त वर्गणी भरणाऱ्यांची नावे होती. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याची भूकही माझ्या हिशेबात नव्हती. ही कबुली मी येथे मुद्दाम देतो.

आता त्या मुलीला क्षणभर तिथेच ठेवून आपण थोडे मागे जाऊ. विद्यार्थी आणि भूक यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी मधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी पाणी पिऊन अभ्यास. त्यातही ज्याची जात पंगतीला चालत नव्हती, त्याला हे वारही मिळत नसत. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना हात दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह चालू केले. त्या पोरांच्या मुखात घास जावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तीही याच गरजेतून. शाळा काढण्याआधी चूल आणि छप्पर यांची सोय करावी लागते, हे या मंडळींनी ओळखले होते.

आणि ही गोष्ट केवळ गरीब देशांची आहे, असेही समजू नका. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ साली विद्यार्थ्यांनी आपल्याच गरजू सोबत्यांसाठी धान्याची कोठी उघडली. पुढे त्या देशात शेकडो कॉलेजांतून अशा कोठ्या निघाल्या. फी भरून मोठ्या इमारतीत बसणारा विद्यार्थीसुद्धा रात्री उपाशी झोपू शकतो, हे तेथील लोकांनाही कबूल करावे लागले.

आता चळवळीकडे वळू. आपल्या शेजारच्या गुजरातेत काय झाले ते पाहा. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात खाणावळीचे बिल सुमारे २० टक्क्यांनी वाढले. विद्यार्थी बिथरले. एका खाणावळीचे ते भांडण. पण त्या वर्षी प्रत्येक घराची खाणावळ महाग झालेली होती. धान्य आणि गोडेतेल यांच्या भावांनी सामान्य माणसाचे कंबरडे मोडले होते. म्हणून मुलांच्या ताटातला प्रश्न हा हां हां म्हणता साऱ्या राज्याचा प्रश्न झाला. जानेवारीत बंद पुकारले गेले, मोर्चे निघाले, लुटालूट झाली, गोळीबार झाले. शंभराच्या वर माणसे प्राणाला मुकली. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला आणि मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. त्याच मार्च महिन्यात बिहारमध्ये विद्यार्थी उठले आणि जयप्रकाशजींनी त्यांचे नेतृत्व स्वीकारले. पुढचा इतिहास आपण जाणता.

मित्रहो, खाणावळीच्या बिलाने सरकार पडते, एवढी शक्ती विद्यार्थ्यांत आहे. मी ती कमी लेखत नाही. परंतु आम्ही कामगार संप मिटल्यावर पहिला प्रश्न विचारतो, पदरात काय पडले? मुख्यमंत्री गेले, विधानसभा गेली. म्हणून रेशनच्या दुकानात धान्य आपोआप आले नाही आणि तेलाचा डबा स्वस्त झाला नाही. खुर्ची हलविण्याची ताकद वेगळी आणि भाव उतरविण्याची ताकद वेगळी. पहिलीला दोन महिने पुरतात. दुसरीला वर्षानुवर्षे दुकानाच्या दारात उभे राहावे लागते. मी हे गुजरातच्या विद्यार्थ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. त्यांच्यातले कित्येक जण प्राणाला मुकले. मी सांगतो ते आम्हा सर्व चळवळवाल्यांच्या एका खोडीविषयी. आम्हाला मोर्चा आवडतो, तपशील आवडत नाही.

आपल्याच राज्यातले अलीकडचे उदाहरण घ्या. एप्रिल २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याचे ठरविले. वरवर पाहता यात वावगे काय? पैसे हातात आले, पोराने हवे ते खावे. परंतु त्या पोरांनी तपशील पाहिला. पैसे महिन्याच्या महिन्याला वेळेवर येतील कशावरून? गावाकडे घरात नड असली, तर तो पैसा पोटात जाईल की घरी? शहरातल्या खाणावळीचा दर वाढला, तर खात्यातली रक्कम वाढेल का? आणि मुलीने रात्री जेवणासाठी किती लांब जायचे? हे प्रश्न घेऊन जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे, आदिवासी आयुक्तालयाच्या रोखाने, पायी निघाले. हातात पुस्तक असायच्या वयात त्यांना पावसात डांबरी सडक तुडवावी लागली, ती ताटातल्या शिजलेल्या अन्नासाठी. त्यांची मागणी मला फार मोलाची वाटते. कारण ती नेमकी होती. आम्हाला दया दाखवा असे ते म्हणत नव्हते. आमची खाणावळ चालू ठेवा, असे म्हणत होते.

नेमकेपणाचे बळ किती असते, याचे एक मोठे उदाहरण देतो. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामे मात्र धान्याने भरून वाहत होती. तेथील नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने हुकूम दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाला शिजवलेले दुपारचे जेवण द्यावे. त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत. आणि ते वर्षातून किमान २०० दिवस द्यावे. पाहा, किती नेमकी भाषा! "गरिबांची काळजी घ्यावी" असे नुसते लिहिले असते, तर तो कागद कपाटात पडला असता. ३०० म्हटले, ८ म्हटले, २०० म्हटले, की कोणाही पालकाला शाळेत जाऊन मोजता येते.

पण मोजणार कोण? येथे विद्यार्थी कामाला आले. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा यांच्या मार्गदर्शनाखाली निरनिराळ्या विद्यापीठांतली मुले-मुली उन्हाळ्याच्या सुट्टीत खेडोपाडी गेली. २००८ साली त्यांनी रोजगार हमीच्या कामांवर जाऊन मजुरांचे हजेरीपट आणि मजुरी तपासली. २०११ साली नऊ राज्यांत घरोघर फिरून रेशनचे धान्य किती मिळते ते विचारले. छत्तीसगडसारख्या ठिकाणी बहुतेक धान्य घरी पोचत होते. बिहारमध्ये त्यातले पुष्कळसे वाटेतच गळत होते. म्हणजे रेशनव्यवस्था सुधारणे अशक्य आहे असे जे म्हणत होते, त्यांना उत्तर मिळाले. एका राज्याला जमते, तर दुसऱ्याला का जमू नये? आणि गरिबांना धान्याऐवजी रोख पैसे द्यावेत काय, असे विचारले, तेव्हा बहुतेक घरांनी धान्यच बरे म्हणून सांगितले. सात वर्षांनंतर नाशिकच्या वाटेवर निघालेल्या आपल्या पोरांचेही म्हणणे तेच होते. उपाशी माणूस आपल्या भुकेचा जाणकार असतो. त्याला विचारावे मात्र लागते.

२०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. अर्थात हा कायदा अनेकांच्या श्रमांनी आला. पण त्यात उन्हातान्हात वह्या घेऊन हिंडणाऱ्या या पोरांचाही वाटा आहे, असे मी मानतो.

आता नदीकाठी ठेवलेल्या त्या मुलीकडे परत येऊ. तिने आणि तिच्या सोबत्यांनी दोनशेपानी वही घेतली. एकेका पालात जाऊन नाव, गाव, घरात माणसे किती, रेशनकार्ड आहे का, असल्यास कोठले, एवढे लिहिले. दोन रविवारांत चित्र स्पष्ट झाले. निम्म्याहून अधिक घरांकडे कार्ड होते. पण ते गावचे. पोट इथे आणि कार्ड तिथे! वही घेऊन आम्ही कचेरीत गेलो. तेथे उत्तर मिळाले, "कार्ड जिथले, धान्य तिथले." आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. काही घरांना तात्पुरती सोय झाली. परंतु तोपर्यंत पाऊस पडला होता आणि बरीचशी पाले उठून गेली होती. ती म्हातारीही गेली. तिच्या नातवाच्या वाट्याला सरकारी धान्याचा दाणा आला नाही. आला तो त्या पोरांच्या खिचडीचा. म्हणून सांगतो, पातेले की वही असा वाद घालू नका. पातेले आजच्यासाठी आणि वही उद्यासाठी. पातेल्याशिवाय वही निर्दय होते. वहीशिवाय पातेले जन्मभर उकळतच राहते.

ती वही मी युनियनच्या कपाटात ठेवली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. नाक्यावरचे मजूर अडकले. त्या वर्षीच्या मेमध्ये, ज्यांच्याकडे कार्ड नाही अशा स्थलांतरित मजुरांना दोन महिने माणशी पाच किलो धान्य देण्याची घोषणा झाली. परंतु हे मजूर कोण, किती, कोठे? याद्या कोणाकडे होत्या? आमच्या गावात त्या सात वर्षांपूर्वीच्या वहीने वाट दाखविली. तोवर ती मुलगी शिकून नोकरीला लागली होती. पण तिच्या वहीतले रकाने पाहून नव्या पोरांनी चार दिवसांत नवी यादी उभी केली. ज्या कचेरीने पूर्वी आम्हाला परत पाठविले होते, तिनेच या खेपेस ती यादी मागून घेतली. पुढे कोठलेही कार्ड कोठेही चालावे अशी व्यवस्था देशभर लागू झाली. आज तो मजूर इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. यंत्राने अंगठा ओळखला तर! न ओळखला, तर पुन्हा कोणीतरी वही काढलीच पाहिजे.

छप्पराविषयीही हेच. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर बेघरांची गणना झाली. पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओवरीत, मोठ्या नळांत झोपलेली माणसे मोजली गेली. सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. निम्म्याहून अधिक शहरांतली. एका रात्रीत, अंधारात, जी दिसली ती! जी दिसली नाहीत त्यांचा हिशेब कोणाकडेच नाही. त्याआधी जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीच्या थंडीत बेघरांचा निवारा पाडल्याच्या प्रकरणानंतर, सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांविषयी हुकूम दिले. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे बारा महिने, दिवसरात्र उघडा असा एक तरी निवारा हवा, हे माप त्यातूनच रूढ झाले. ते माप आपल्या शहराला लावून पाहायला काय हरकत आहे? एस.टी. स्थानकावर रात्री अकरानंतर किती माणसे झोपतात? त्यांतली किती प्रवासी आणि किती कायमची? नगरपालिकेचा रात्रनिवारा कोठे आहे, तो उघडा असतो का, त्यात बायकांना जागा आहे का? पाच विद्यार्थी, एक वही आणि तीन रात्री, एवढ्या भांडवलावर या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

विद्यार्थी मित्रांना मी तीन गोष्टी सांगतो. पहिली, उपाशी माणसाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा फोटो काढू नका. घास घेताना मान खाली असते. ती मान जगाला दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी, आपल्या वसतिगृहापासून सुरुवात करा. तुमच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा महिन्याच्या अखेरीस एक वेळच जेवतो का, हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर नदीकाठची भूक तुम्हाला कळणार नाही. आणि तिसरी, जाताना वही दुसऱ्याच्या हाती द्या. तुम्ही तीन वर्षांनी कॉलेज सोडणार. त्यात दोष नाही. आमच्या संघटनेतही कार्यकर्ते येतात आणि जातात. संघटना टिकते ती पावतीपुस्तक जागेवर राहते म्हणून.

आणि आपण, जी मंडळी दरवर्षी या मंडपात येऊन शांतपणे ऐकता, त्यांनाही एक मागणे आहे. आपल्या घराच्या माडीवर, गच्चीवरच्या खोलीत बाहेरगावची मुले भाड्याने राहतात. त्यांना खोली देताना आडनाव विचारून दार लावून घेऊ नका. शाहू महाराजांनी आणि भाऊरावांनी जे दार उघडले, ते आपल्या उंबऱ्यावर बंद होता कामा नये. महिन्यातून एखादे वेळी त्या पोराला विचारा, "जेवलास का रे?" जुन्या काळी वार लावणाऱ्या घरांत हा प्रश्न रोज विचारला जाई. तोही पंगत पाहून विचारला जाई, हा त्या काळाचा दोष. तो दोष टाकू आणि प्रश्न ठेवू.

परवाच एक मुलगा युनियनच्या कचेरीत आला. म्हणाला, "काका, ती जुनी वही पाहायला मिळेल का? आम्हाला स्टँडवरच्या माणसांची नोंद करायची आहे." मी त्याला वही दिली आणि विचारले, "पातेल्याची काय सोय केलीस?" तो हसला. म्हणाला, "तेच विचारायला आलो होतो."

ती सोय या सभागृहातून व्हावी, अशी माझी इच्छा आहे. सभा संपल्यावर तो मुलगा दाराशी उभा असेल. त्याला पैसे देऊ नका. आठवड्यातला एक वार द्या.